पाटल्यांच्या नक्षीतली कणीक

ती. आईंना, इथूनच वाकून नमस्कार.

मी आणि छोटी, आम्ही दोघे बरे आहोत. छोटी आता शाळेचा डबा स्वतः भरते. तुमच्या गुडघ्याला नव्या औषधाने उतार पडला का?

एक गोष्ट सांगायला हवी. लग्नात तुम्ही लेकीच्या हातात घातलेल्या पाटल्या मी काल विकल्या. तिच्या शेवटच्या दुखण्यातले दवाखान्याचे पैसे द्यायचे राहिले होते. छोटीसाठी त्या जपून ठेवा, असे तुम्ही सांगितले होते. ते विसरलो नाही.

दुकानदार इथलाच, मराठी न येणारा, पण सचोटीचा वाटला. वजन करण्याआधी त्याने सुईने नक्षी कोरून साफ केली. काचेवर पांढरा भुगा पडला. वाळलेली कणीक होती ती.

“बाईंना सांगा, पीठ मळताना दागिने काढून ठेवत जा,” तो हसून म्हणाला.

“सांगतो,” मी म्हणालो.

तुम्हीही तिला हेच सांगायचात. “कणीक लागून सोन्याचं पितळ होत नाही गं आई,” असे ती म्हणायची.

तो भुगा कागदात बांधून मागावा, असे वाटले. त्याच्या भाषेत शब्द जुळवेपर्यंत त्याने फुंकर मारली आणि पाटल्या काट्यावर ठेवल्या.

भाव चांगला मिळाला, काळजी करू नका. पण तिचे असे काही उरले आहे का, ते कालपासून घरभर शोधतो आहे. तिचे सगळे कपडे मी पहिल्याच आठवड्यात धुऊन, घड्या घालून ठेवले. तेव्हा तेच शहाणपणाचे वाटले होते.

तुमच्याकडे तिची एखादी नेसलेली साडी राहिली असेल, तर ती धुऊ नका.

तुमचाच,
जावई