मामाने आधी घ्यावं

दादाला धाकटीचा नमस्कार. आईलाही सांग, पण हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस.

मी बरी आहे, जेवण जातं. शिलाईच्या कारखान्यातून सुट्टी मिळाली. पोटातलं मूल आडवं आहे, म्हणून डॉक्टरीणबाई महिनाअखेरीस ऑपरेशन करणार. मुलगीच आहे, माझं मन सांगतं.

तू गोठ्यात आडवं वासरू हाताने वळवलंस, ते ह्यांना सांगितलं. म्हणाले, "मग मेव्हण्यालाच बोलव. मला रक्त बघून घेरी येते."

आईचे गुडघे कसे आहेत?

दादा, मला भूल देणार. परत उठलेच नाही तर, असं सारखं मनात येतं. तू येच. मुलीला आधी मामाने घ्यावं. फक्त वासरासारखी पाय धरून ओढू नकोस.

वाट बघतेय,
तुझी धाकटी