हफ्साच्या झाडाबाबत, आणि बाकीच्या किरकोळ मालमत्तेबाबत

अल्लाहच्या नावाने लिहिते, आणि त्याला जे माहीत आहे तेवढंच लिहिते.

मी, मरियम सनफा, जन्म रुहफुशी बेट, सध्या राहणार बोडुवेली बेट, उत्तरेची वाडी, घराचं नाव 'रुहफुशी', सरकारी आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेली सुईण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे गेले आहेत, आणि हृदयाबद्दल राजधानीत, मालेला, डॉक्टरांनी काय ते सांगितलं आहे. पण मृत्युपत्र काही गुडघ्यांनी लिहीत नाहीत. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. आमच्या वाडीतल्या निम्म्या लोकांना जन्मल्यावर पहिली चापट मी मारलेली आहे. ते माझ्यावर काय दडपण आणणार?

कलम १. माझ्या मालमत्तेचे तीन वाटे धरावेत. त्यातले दोन वारसाचे. तीन नवऱ्यांपैकी दोघांनी तलाक दिला, एक समुद्रात गेला. लेक गेली, धाकटी बहीण गेली. वारस उरला तो भाऊ आदम. त्याचा हिस्सा धर्माने ठरवून दिलेला आहे. मृत्युपत्राने मी त्याला जास्त काही देऊ शकत नाही, की त्याचं काही काढूनही घेऊ शकत नाही. हे मी काझींना पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

"काहीच करता येत नाही का हो?"

"सनफाबाई, सख्खा भाऊ आहे तो."

"म्हणून तर विचारते."

काझी हसले. मी हसले नाही. उरलेला एक वाटा माझ्या मर्जीचा आहे, आणि पुढची सगळी कलमं त्यात बसवायची आहेत.

कलम २. गद्दू बेटाची चटई माझी भाची, धाकट्या बहिणीची लेक शीमा हिला, तिच्या येणाऱ्या बाळासाठी. ही चटई मी विकत घेतलेली नाही. गद्दूला मला बोलावणं आलं, गेले, तर बाई वेणा सोसत मागावर बसलेली, आणि उठायला तयार नाही.

"एवढी ओळ होऊ द्या, बाई. अर्धी सोडली तर उद्या हात वेगळा बसतो."

"ओळ होईल गं, पण पोर चटईवर होईल!"

"होऊ दे, चटई मऊ आहे."

तिने ओळ पुरी केली, मगच उठली. तिला मुलगी झाली. पुढे मला ही चटई आली. काळ्या पट्ट्यात एक ओळ जराशी वाकडी आहे, ती त्या दिवसाची. कुणी ती दुरुस्त करायला जाऊ नये.

लोक म्हणतात, आपली बेटं सगळी सारखीच: वाळू, माड, मशीद, धक्का. असं म्हणणाऱ्यांनी एकाही बेटावर बाळंतपण केलेलं नाही. सरकारने मला उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत फिरवलं, म्हणून मी खात्रीने सांगते की वेणा सगळीकडे सारख्या असतात आणि बाकी काहीही सारखं नसतं.

कलम ३. नाळ कापायची कात्री आणि सायकल आरोग्य केंद्रातल्या नव्या नर्सला, लाम्याला. कात्रीला रिंबुधू बेटाच्या सोनाराने धार लावून दिली आहे. ती अजून बोथट झालेली नाही, आणि लाम्याने ती मासे कापायला घेऊ नये. त्या सोनाराचा माझ्या ताणकाट्यावर विश्वास नव्हता. पोराला तोलताना तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. "बाई, काटा हलतोय. थांबला की सांगा. आमच्यात हलत्या काट्यावर कुणी बोलत नाही."

सायकल अड्डूची. तिथे इंग्रजांचा तळ होता तेव्हापासून म्हाताऱ्यासुद्धा सायकलवर. एक बाई भरल्या दिवसांची, स्वतः पायडल मारत केंद्रात आली, आणि नवरा पिशवी घेऊन मागे बसलेला. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "याला नीट चालवता येत नाही."

कलम ४. थुलहाधूची लाखेची डबी शेजारीण झुलेखाला. ती देणाऱ्या बापाची बोटं लाखेने कायमची लाल झालेली होती. पोराला हातात घ्यायला तो घाबरत होता, रंग लागेल म्हणून. मी म्हटलं, "लागू दे, तुझंच आहे ते." फुवामुलाचं माझ्याकडे काही नाही, कारण तिथलं जे चांगलं ते खाऊन संपतं. तिथे लाटा अशा की होडी किनाऱ्याला लागत नाही, माणसांना पोत्यासारखं झेलून घेतात. मलाही झेललं, दवाखान्याच्या पेटीसकट. तिथल्या बायका अंगाने दणकट, आवाजाने त्याहून. कळ आली की समुद्रालाच शिव्या घालतात. माझा दुसरा नवरा तिथला. माणूस चांगला होता, पण त्याच्या मते दुसऱ्या कुठल्या बेटावरचा आंबा म्हणजे आंबाच नव्हे. जन्मभर कोण ऐकून घेणार?

कुळुदुफुशीच्या बायकांनी वळलेली काथ्याची दोरी घरात आहे. तिचं काय करायचं ते मला सुचलेलं नाही. ती तुटत नाही एवढंच लिहून ठेवते.

कलम ५. मग मला विचारत, "आणि बाई, तुमच्या रुहफुशीचं काय प्रसिद्ध?" चटई नाही, सोनं नाही, लाख नाही. बेट एवढंसं की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाहून दुवा यायचा. मी म्हणायची, "काही नाही हो." बाहेरच्यांना सांगायला लाज वाटायची, म्हणून इथे लिहिते.

रुहफुशीत पोराची नाळ गळून पडली की आजी ती खड्ड्यात ठेवायची आणि वर कोंब आलेला नारळ लावायची. ते झाड त्या पोराच्या नावाचं. सनफाचं झाड, आदमचं झाड. त्याचे नारळ त्याला विचारल्याशिवाय कुणी उतरवत नसे. माणूस दर्यावर असला तर परत येईपर्यंत थांबत. भांडण झालं की पोरं एकमेकांना न मारता एकमेकांच्या झाडांना लाथा घालत. वादळात कुणाचं झाड पडलं तर तो माणूस दिवसभर घराबाहेर पडत नसे, जणू त्याचीच काही चूक झाली. एवढंच आमचं वैशिष्ट्य. दाखवायला नेता येत नाही आणि विकताही येत नाही, असं मला वाटत होतं.

कलम ६. माझी मुलगी हफ्सा आठवडाभर जगली. नाळ गळली आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. शेजारणी कुजबुजल्या, आता झाड कशाला? माझी आई म्हणाली, "नाळ गळली ना? मग झाड लागणार." खड्डा आदमने खणला. त्याला तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं. खणताना रडत होता आणि वाळूला शिव्या देत होता. हफ्साचा फोटो नाही. तिचं या जगात होतं ते एक झाड.

त्सुनामीच्या मोठ्या लाटेनंतर सरकारने रुहफुशी रिकामं केलं आणि आम्हाला इथे बोडुवेलीत घरं दिली. काही वर्षांनी माडांचा एक ठेकेदार आला. पर्यटकांच्या बेटांवर लावायला त्याला वाढलेले माड हवे होते. आमच्या वाडीच्या मशिदीला छप्पर नव्हतं. आदम पुढारी झाला. मी तेव्हा अड्डूला नोकरीवर होते. परत आले तेव्हा छप्पर झालेलं होतं आणि रुहफुशीत खड्डे पडलेले होते.

"ताई, मी एकेका जिवंत माणसाला विचारलं. जो नाही म्हणाला त्याच्या झाडाला चिंधी बांधली. तुझ्या झाडाला तर न विचारताच बांधली. फक्त मेलेल्यांची दिली. मेलेल्यांना विचारायचं कसं?"

"मला विचारायचंस."

"हफ्साचं? ताई, ती आठवडाभर तर होती."

त्या वाक्यानंतर मी त्याच्याशी बोललेले नाही. मला राग होता आणि आहे. जिवंत माणसाने झाड दिलं तर तो दुसरं लावू शकतो. विचारायचं असेल तर मेलेल्यांनाच विचारायला हवं, एवढं रुहफुशीच्या माणसाला कळू नये? घरं शेजारी असल्यामुळे व्यवहार शीमामार्फत होतो, तिघंही एकाच ओसरीवर बसून.

"शीमा, मामाला सांग, माशाचा रस्सा उरलाय."

"शीमा, मावशीला सांग, मला भूक नाही."

"शीमा, मामाला विचार, मग पातेल्याचं झाकण कशाला उचललं?"

शीमा म्हणते, "माझं पोर जन्मल्यावर बोलायलाच शिकणार नाही, फक्त निरोप सांगायला शिकेल."

कलम ७. निवृत्तीच्या आधी एका पर्यटकांच्या बेटावर कामगारांना लस टोचायला मला पाठवलं होतं. तिथे पोहण्याच्या तलावाजवळ हफ्साचं झाड उभं होतं. मी ते लांबूनच ओळखलं. झाड लहान असताना त्यावर होडीची डोलकाठी पडली होती, तेव्हापासून कमरेत वाकलेलं. त्याच्या सावलीत एक परदेशी बाई झोपली होती. मी तिथे उभी राहून रडले, आणि सिरिंज हातात असल्यामुळे लोकांना वाटलं लस दुखते म्हणून बाई रडतात. माळी बांगलादेशचा होता. मी एक नारळ मागितला.

"एकच कशाला, मावशी? पाहुण्यांच्या डोक्यात पडतील म्हणून आम्ही उतरवून फेकूनच देतो."

फेकून देतात! त्यातला एक मी आणला. त्याला कोंब आला. तो मागच्या दारी तेलाच्या डब्यात लावला आहे, आणि माझ्या मालमत्तेत मला फक्त त्याचीच काळजी आहे. तो शीमाला देते. तो हफ्साच्या जुन्या खड्ड्यातच लागावा, दुसरीकडे नाही.

अडचण अशी आहे. रुहफुशीचा धक्का मोडला आहे. प्रवाळातून होडी आत नेण्याची वाट आता एकट्या आदमला माहीत आहे. माझ्याने होडीत चढवत नाही, शीमाला दिवस गेलेले आहेत. आदमला मी हुकूम देऊ शकत नाही आणि विनंती करणार नाही. तेव्हा झाड कसं न्यावं हे या कलमात लिहिता येत नाही. डब्यात मुळं मावेनाशी झाली आहेत.

कलम ८. मला बोडुवेलीतच पुरावं. रुहफुशीला नेऊन लोकांना होडी लागेल असं काही करू नये. घराचं नाव बदलू नये.

पुरवणी. वरचा मजकूर मी साक्षीदारांना ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवला. त्यांना ऐकायला कमी येतं म्हणून मोठ्याने, असं माझं म्हणणं आहे. आदम पलीकडे जाळं दुरुस्त करत होता. त्याने मान वर केली नाही. सह्या दुसऱ्या दिवसावर ठेवल्या, कारण साक्षीदारांपैकी अब्दुल्ला मशिदीत बांग देतात, त्यांना मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजाला जायचं होतं.

सकाळी मागच्या दारी डबा नव्हता. दोरीही नव्हती. माझ्या छातीत कळ आली, हे मी शीमाला सांगितलं नाही. दुपार उलटून गेल्यावर आदम आला. गुडघ्यापर्यंत चिखल. शीमा समोरच बसली होती, पण तो तिच्याकडे वळला नाही.

"ताई, खड्डा होता तसाच होता. लावलं. विहिरीचं पाणी घातलं. पाणी अजून गोड आहे."

"दोरी कुणाला विचारून नेलीस?"

"कोंब हलू नये म्हणून बांधला." मग म्हणाला, "त्या माळ्याला सांगून बाकीच्यांचे पण नारळ मिळतील का गं? खड्डे खूप आहेत."

म्हटलं, "विचारते." मग दोघांनी रस्सा आणि रोट्या खाल्ल्या. तो रडत होता. जेवताना रडू नये असं मी त्याला सांगितलं.

सबब कलम ७ मधला डब्यातल्या नारळाचा मजकूर रद्द समजावा, कारण त्याची अंमलबजावणी माझ्या हयातीत झाली. शीमाच्या बाळाची नाळ आदमने रुहफुशीला न्यावी. हे त्याने आपणहून कबूल केलं आहे.

कलम ९, आजच घातलेलं. माझ्या झाडाला आदमने बांधलेली चिंधी अजून आहे म्हणतो. मी गेल्यावर ते झाड कुणाला द्यायचं असेल तर आधी मला विचारावं. आदमने विचारलं, "ते कसं?" मी सांगितलं, झाडाखाली उभं राहा, मोठ्याने विचार, आणि संध्याकाळपर्यंत थांब. उत्तर आलं नाही तर ताई नाही म्हणाली असं समज.

सही: मरियम सनफा

साक्षीदार: १. अब्दुल्ला वहीद, मुअज्जिन, उत्तरेची वाडी
२. उमर झाहिर, दुकानदार, बोडुवेली

वाचताना हजर, वारस असल्यामुळे साक्षीदार नाही: आदम. ऐकलं.

स्थळ: बोडुवेली. दिनांक: १२ फेब्रुवारी २०१९.