खारकीवला पाठवलेला ॲप्रन

प्रिय मथू,

आनेकलची ईरा परवा घरी येऊन गेली. पोलंडपर्यंत विमान, पुढे रेल्वे आणि मग तुझं खारकीव, असा रस्ता तिनं मला चिकपेटचा पत्ता सांगावा इतक्या सहज सांगितला. एकाच हॉस्पिटलात शिकलेल्या तुम्ही दोघी, लढाईचं तुम्हाला आता काही वाटेनासं झालंय की काय कोण जाणे. तिच्या बॅगेत तुझ्यासाठी दोन ॲप्रन देतोय. एकाच्या आतल्या खिशात हे पत्र आहे. फोनवर लिहिलं असतं, पण माझा फोन हा घरातल्या सगळ्यांचा. तुझे आई-अण्णा तो माझ्याआधी वाचतात. म्हणून खिसा. काजं या खेपेला जरा वेडीवाकडी आलीत, हसू नकोस.

छातीवर नाव पुन्हा मराठीतच काढलंय, निळ्या दोऱ्यानं. पहिल्या खेपेला ते निव्वळ सवयीनं झालं होतं. गिऱ्हाइकाचं नाव कॉलरीच्या आत मराठीत टाचायचं, ही माझ्या वडिलांपासूनची आपल्या दुकानाची रीत. गिऱ्हाईक कानडी असो की तमिळ. तुझ्या गावात ते कोण वाचणार, हे डोक्यातच आलं नाही. अण्णांनी कपाळावर हात मारला होता. आणि मग तूच फोनवर त्या म्हातारीचं सांगितलंस. छप्पर कोसळून पाय मोडलेली, कुणाशी बोलत नव्हती. तू पट्टी बदलत असताना तिनं तुझ्या छातीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, हे तर दोरीवर वाळत घातलेले कपडे. तिच्या अंगणातल्या दोरीवरचे कपडे तसेच राहून गेले होते ना? आपल्या अक्षरांवरच्या रेघेकडे मी जन्मभर बघत आलो, पण दोरी मला कधी दिसली नाही. त्या दिवसापासून, ‘थ’ जमत नाही म्हणून, ती तुला ‘मतुरा’ म्हणते, हे मी बसवनगुडीत भेटेल त्याला सांगत सुटलोय.

बागेतल्या आमच्या बाकावर माझा दोस्त वेणुगोपाल रोज काठीनं मातीत नकाशा काढतो. हा मोठा देश, हे त्याचे लहान शेजारी, ही पलीकडची नाटो, म्हणजे फौजांची युती. युती दाराशी आली म्हणून मोठा चिडतो. मोठ्याला भिऊन लहान युतीकडे धावतात. की मोठा आणखी चिडतो. मी म्हणतो, चिडला म्हणून शेजाऱ्याच्या घरात शिरून अर्धं घर आपलं म्हणायचं का? तो म्हणतो, टेलराला राजकारणातलं काय कळतं, तू उंची नि छाती माप. मग सरहद्द स्वल्प चुकली की पायानं पुसतो आणि पुन्हा काढतो. परवा मी म्हणालो, “अरे, तू पायानं पुसलंस तिथं माझी नात राहते.” त्यानं पाय उचलून बाकावरच घेतला. त्या दिवशी पुढे नकाशा झाला नाही. तू कोणाच्या बाजूची, असंही त्यानं विचारायला लावलं होतं. तुझं उत्तर त्याला तसंच्या तसं सांगितलं, की आलेला मोडका पाय डावा की उजवा एवढीच बाजू तू बघतेस. हसला, पण नंतर चहाचे पैसे त्यानंच दिले.

तुला ती नावाड्याची कविता आठवते? आमची मराठी शाळा चिकपेटमध्ये भांड्यांच्या दुकानावर भरायची. खाली पितळ ठोकलं जायचं आणि वर आम्ही त्याच ठोक्यावर कविता म्हणायचो. आता तिथं नळ आणि पाइप ठेवतात. तू लहान असताना दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की तू कापायच्या टेबलावर बसायचीस आणि मी मशीनच्या पायट्यावर ताल धरायचो. पूर आलाय, नावाडी माणसं पलीकडे पोचवतोय, पुन्हा येतोय, पुन्हा भरून नेतोय. शेवटचं कडवं मी विसरलो होतो. ‘ताता, तो घरी येतो का?’ म्हणून तू हटून बसायचीस आणि मी रोज वेगळा शेवट लावायचो. कधी तो येऊन गरम बिसीबेळेभातही खायचा. तुमच्याकडे जमिनीखाली, मेट्रोच्या स्टेशनात शाळा भरते आणि पोरं तिथं चालीवर कविता म्हणतात, हे ऐकून मला फार भरून आलं. तू त्यांना तपासायला गेलीस, आपला नावाडी म्हणून दाखवलास आणि त्यांनी एक शब्द न कळता बाकावर ठेका धरला. मथू, माझ्या शाळेचा वरचा मजला तू कुठल्या कुठे नेलास गं.

आता मुद्द्याचं. आडवं झालं की दम लागतो, म्हणून महिनाभर मी पाठीशी उशा लावून बसूनच झोपतो. जिना चढणं बंद झालंय. डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन काही सांगितलं. काय ते कुणी मला सांगत नाही, म्हणजे कळलंच. रविवारी जेवताना ठरलं, की शिक्षण संपल्यावरही तू तिथंच काम करायचं म्हणतेस, तर मी तुला लिहावं, माझं काही खरं नाही, बघायला ये. आलीस की पासपोर्ट कपाटात जाईल. आईला दोष देऊ नकोस, ती फोन उशाखाली घेऊन झोपते. मी सगळ्यांसमोर ‘सरी, बरं’ म्हणालो आणि हे लिहायला बसलो. तुला फोन येईल. ताता बरा नाही म्हणतील. ते खोटं बोलत नसतील. तरीही वॉर्ड सोडून निघू नकोस. तुला स्वतःला वाटेल तेव्हा ये. माझ्या नावानं कुणी ओढलं म्हणून नको. ते कडवं मला अजून आठवत नाही, पण नावेतली माणसं पलीकडे उतरली, एवढं त्यात नक्की होतं. ॲप्रनच्या बाह्यांत कापड जास्त दुमडून ठेवलंय. आत जाड स्वेटर आला की टाका उसवून सैल करून घे. पुढच्या थंडीलाही हेच चालतील.

तुझाच, मशीनपाशी बसलेला,
ताता