पाणघोड्याची चाल

रविवार, ३ मार्च

गब्दू पाणघोड्याचा दात पडला!

भर कार्यक्रमात. नाचता नाचता गिरकी घेतली आणि खालचा डावा सुळा उडाला तो थेट माझ्या मांडीवर. सगळी पोरं किंचाळली. गब्दूने मात्र दोन्ही हातांनी तोंड झाकलं, ढुंगण हलवलं आणि लाजत लाजत पडद्याआड गेला. काय प्रसंगावधान! मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

माझ्या मांडीवर – म्हणजे मी पहिल्या रांगेत होते हे आलंच. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने बालोद्यानात पहिल्या रांगेत बसू नये असं कुठे लिहिलंय? शेजारी आमचा कळप होता. नर्सबाई आणि निवृत्त पोस्टमास्तर, त्यांच्या त्या पाणघोड्याच्या कानांच्या टोपीसकट. दर रविवारी आम्ही तिघं. पोरांच्या आया आमच्यापासून जरा लांबच बसवतात पोरांना. बसवू देत.

दात उलटसुलट करून पाहिला. नुसता स्पंज, वर पांढरा रंग, आणि चिकटवलाय कसल्याशा गोंदाने! ज्याने केलाय त्याने आयुष्यात आरसा पाहिलेला नाही. कार्यक्रम संपल्यावर मागच्या दारावर गेले. म्हटलं, "मी कवळ्या बनवते. हा मला द्या, नीट करून आणते." दारावरच्या माणसाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दाताकडे. "न्या," म्हणाला.

नवरोबा नेहमीसारखे गाडीत बसलेले, शब्दकोडं घेऊन. बारा वर्षं मला आणून सोडतात, पण दाराच्या आत पाऊल नाही. दात दाखवला.

"आता घरात पाणघोड्याचे अवयव येणार का?"

"एकच आहे अहो."

"सुरुवात एकानेच होते."

बुधवार, ६ मार्च

लॅबमध्ये दोन कवळ्यांच्या मध्ये गब्दूचा सुळा केला. आधी मेणाचा, मग साचा, मग पक्का. डॉक्टर डोकावले. "हा कुठल्या पेशंटचा?"

"आहेत एक. जरा थोराड आहेत," मी म्हटलं.

किंचित पिवळी झाक दिलीय. पाणघोडा काही रोज दात घासत नाही.

लेकीचा होस्टेलवरून फोन. सगळं सांगितलं. "आई, हे कुणाला सांगू नकोस हं, प्लीज." वा! हिलाच तर घेऊन गेले होते पहिल्यांदा. बाईसाहेबांनी गब्दूला बघून भोकाड पसरलं आणि परत म्हणून गेल्या नाहीत. मी मात्र अडकले ती अडकलेच.

शनिवार, ९ मार्च

जायला नको होतं पडद्यामागे.

खुंटीवर गब्दू लटकत होता. नुसती कातडी. डोकं टेबलावर, शेजारी चहाचा कप. आमच्या कळपाचा एकच नियम आहे – "आत" हा शब्द उच्चारायचा नाही. आत कोणी नसतं. गब्दू असतो. आणि इथे खुर्चीवर एक काटकुळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसलेले!

मला म्हणाले, "ओळखतो तुम्हाला. पहिली रांग, डावीकडून तिसरी."

मला रडूच फुटलं. त्यांनी बिचाऱ्यांनी मला पाणी दिलं.

बारा वर्षं तेच. आता गुडघ्याने जवाब दिलाय, या महिन्यात सोडतायत. तालीम घेणाऱ्या बाई आल्या – गळ्यात शिट्टी, तोंडात सतत हुकूम. शिट्टीबाई म्हणू. मी दात बसवला, तो त्यांनी बोटाने हलवून बघितला, हलला नाही. मग दाताऐवजी मलाच खालून वर न्याहाळायला लागल्या.

"घालून बघता?"

"काय?"

"उंच माणसं ढीगभर येतात हो. गब्दू बुटका आहे."

रविवार, १० मार्च

कार्यक्रम पाहिला. कशात लक्ष नव्हतं. पोस्टमास्तर म्हणाले, "दात झकास झालाय." मी हूं म्हटलं.

शिट्टीबाईंची अट अशी, की कोणालाही सांगायचं नाही. घरीसुद्धा नाही. दोनदा बदलीवाल्यांच्या घरच्यांनीच गावभर केलं म्हणे, आणि पोरं येऊन पोटावर टकटक करून आतल्याला नावाने हाका मारायला लागली.

ते एक वेळ जमेल. पण दुसरंच काहीतरी छळतंय. मी आत गेले, तर मला गब्दू पुन्हा कधी दिसणारच नाही! सगळ्या जगाला दिसेल, मला सोडून.

सोमवार, ११ मार्च

हो म्हणून आले. झाली चूक तर झाली.

शनिवार, १६ मार्च

आज तालीम. आणि आज आयुष्यातली सर्वांत मोठी फजिती.

मला वाटलं होतं, मला कोण काय शिकवणार! गब्दूची चाल माझ्या अंगात भिनलीय. तीन पावलं डुलत, चौथ्याला उजवा पाय किंचित ओढायचा, मग कमरेला एक हिसका – आणि पोरं खदखदून हसतात. त्या हिसक्यावर मी आणि नर्सबाईंनी वाद घातलेत. गब्दू चिखलातून चालल्यासारखा चालतो असं माझं मत, पोट सावरत चालतो असं तिचं. मी ती चाल चालून दाखवली. अगदी हुबेहूब.

शिट्टीबाईंनी शिट्टी मारली. "पायाला लागलंय का तुमच्या?"

"नाही हो. गब्दूची चाल आहे ही!"

कोपऱ्यात मिशीवाले काका कसेबसे हसू दाबत होते. "बाई, ती माझ्या गुडघ्याची चाल आहे," म्हणाले. "पाय उचलत नव्हता, म्हणून ओढायचो. कळ आली की कमरेत हिसका बसायचा."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बारा वर्षं एका माणसाच्या दुखण्यावर मी टाळ्या पिटल्या! काकांना म्हटलं, माफ करा. तर म्हणाले, "अहो, तुम्ही हसायचात म्हणून तर दुखणं विसरायचो."

शिट्टीबाई बधल्या नाहीत. लंगडणं बंद. सरळ चालायचं, ठुमकत, दोन्ही पाय सारखे.

रविवार, २४ मार्च

पहिला कार्यक्रम!!

आतून जग गब्दूच्या तोंडातून दिसतं. जाळीतून, थाळीएवढं. बाकी सगळा अंधार आणि घामाचा वास. शिट्टीबाई हात धरून नेतात तिकडे जायचं. गरम इतकं होतं की साच्यात उकळणाऱ्या कवळीसारखी शिजून निघाले.

पण एक एवढीशी मुलगी आली आणि माझ्या पोटात तोंड खुपसून उभी राहिली. हलेचना. तिची आई ओढतेय आणि ही ढिम्म! तिच्या डोक्यावर हात ठेवला. मीच कितीदा अशी उभी राहिलेय या पोटाला टेकून. माझी आई गेली त्या आठवड्यातही.

घरी काय सांगितलं? रविवारी लॅबमध्ये जादा काम आहे. कळपालाही तेच. नवरोबांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे पाणघोडा बंद?"

"वय झालं आता," मी म्हटलं.

"सुटलो!" म्हणाले. मला राग आला. खोटं मीच बोलले आणि राग मलाच आला.

सोमवार, २५ मार्च

कळपाच्या ग्रुपवर अजून आहे मी. नसते तर बरं झालं असतं.

पोस्टमास्तर – "नवीन गब्दूला गब्दू कळलेलाच नाही."

नर्सबाई – "चालतो काय, परेड करतो काय!"

पोस्टमास्तर – "आपल्या बाई असत्या तर त्यांनी याची हजामत केली असती."

खरंय, केली असती. मिशीवाले काका सुट्टीवर असायचे तेव्हा बदलीवाल्यांना मी काय काय बोललेय! शेवटी लिहिलं, "त्याला थोडा वेळ द्या." नर्सबाईचं उत्तर – "तुम्ही बऱ्या आहात ना?"

रविवार, ७ एप्रिल

आता जमतंय. श्वास नाकाने घ्यायचा, तोंडाने सोडायचा, गिरकीच्या आधी एक घोट पाणी. आज पोरं दोनदा हसली. शनिवारचा कार्यक्रम मात्र काका गेल्यापासून बंदच आहे; मी रविवारपुरतीच, आणि दुसरं माणूस मिळत नाही. शिट्टीबाई रोज कोणाला तरी गब्दू घालून बघतात आणि रोज नाक मुरडतात.

घरी बोलायला काही उरत नाही. पूर्वी रविवारी परत येताना गाडीत अखंड टकळी चालायची माझी – गब्दूने हे केलं, गब्दूने ते केलं. नवरोबा नुसतं "हं" म्हणत चालवायचे. आता एक शब्द काढला तरी सगळं बाहेर पडेल, म्हणून तोंड मिटून बसते.

रविवार, १४ एप्रिल

नवरोबांनी आज गाडी धुतली. कालही धुतली होती.

सोमवार, १५ एप्रिल

जेवताना अचानक म्हणाले, "तुला काही होतंय का?"

"कुठे काय?"

"नाही, गप्प असतेस."

दिवसभर शिकाऊ ड्रायव्हरांवर "ब्रेक, ब्रेक" म्हणून खेकसणारा माणूस. इतक्या हळू आवाजात बोलला की मी घास परत ताटात ठेवला. सांगून टाकावं वाटलं. पण शब्द दिलाय शिट्टीबाईंना. ही वेळही निघून जाईल.

रविवार, २१ एप्रिल

काय लिहू!

कार्यक्रमानंतर भेटीची रांग होती. एकेक पोर येतंय, बिलगतंय, जातंय. जाळीतून आधी एक पोट दिसलं. मग ओळखीचा शर्ट – बटण मीच लावलंय त्याचं, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने.

नवरोबा!! रांगेत! मागेपुढे पोरंच पोरं आणि मध्ये हे, हातात टोपी घेऊन.

पुढे आले. माझ्या कानाशी, म्हणजे गब्दूच्या कानाशी तोंड आणलं. "अहो आतले भाऊ, ऐकू येतंय का?"

मी मान हलवली. गब्दू बोलत नाही.

"माझी मंडळी यायची इथे. दर रविवारी. पहिल्या रांगेत बसायची. तुम्ही नवीन आलात आणि तिने येणं सोडलं. तुमचा दोष नाही हो, तुम्ही मन लावून करता. पण ती घरात हसत नाही आता. तिच्या बडबडीवर माझा आठवडा निघायचा. घर खायला उठतं. तर एक विनंती होती. जरा जुन्यासारखं चालून बघा ना. कळलं की येईल ती."

आणि मग म्हणाले, "थांबा, दाखवतो."

दाखवली! त्या सगळ्या पोरांसमोर. बुटकी, गोल मूर्ती, तीन पावलं डुलत, चौथ्याला पाय ओढून, कमरेला हिसका. माझ्यापेक्षा चांगली! रांगेतली पोरं लोळायला लागली. एक म्हणाला, "खरा गब्दू हा!" म्हणजे बारा वर्षं हा माणूस गाडीत शब्दकोडं सोडवत नव्हता. कुंपणाच्या कडेला कुठेतरी उभा राहून बघत होता. आणि मला म्हणायचा, "आत माणूस असतो, कळतंय ना?"

मी रडले. आत रडू नये, डोळे पुसता येत नाहीत. मग त्यांना मिठी मारली, घट्ट. गब्दूला चालतं तेवढं. त्यांनी पाठीवर थोपटलं. "येईल ना?" म्हणाले.

रांग अडली तशी शिट्टीबाई त्यांना दंडाला धरून बाजूला घेऊन गेल्या. झापलं असणार. बिचारे.

सोमवार, २२ एप्रिल

"काल दुपारी काय केलंत?"

"झोपलो होतो."

चेहऱ्यावर एक रेष हलली नाही! मी मेले तरी हा माणूस मला कळायचा नाही. माझा इतका जीव आहे यांच्यावर, आणि हे मला या वयात, एका पाणघोड्याच्या डोक्यात शिरून कळावं.

पुढच्या रविवारी आधी शिट्टीबाईंशी बोलणार. नवऱ्याला सांगू द्या, नाहीतर मी सोडते. गब्दू दुसरा मिळेल. ठरलं.

शुक्रवार, २६ एप्रिल

नवरोबांची हल्ली काहीतरी लगबग चाललीय. आरशासमोर उभे होते, मी आल्याबरोबर दाढी करायला लागले. रविवारी मित्राच्या गाडीचं काम आहे म्हणे, सकाळीच जाणार. बरंच झालं, मला बहाणा शोधायला नको.

आज गाणंही गुणगुणत होते. मला सोडून सगळे मजेत.

रविवार, २८ एप्रिल

तयार होऊन, डोकं चढवून शिट्टीबाईंची वाट बघत होते. काय बोलायचं ते पाठ केलेलं. त्याच आधी आत आल्या – मागे कोणीतरी.

"हे शनिवारचे नवीन. बायकोला चकित करायचंय त्यांना, म्हणून घरी पत्ता लागू दिलेला नाही. चाल येते, पोरं लोळतात तिला हसून, ती तशीच ठेवू. तुम्ही फक्त आत श्वास कसा घ्यायचा ते शिकवा."

मी डोकं काढलं.