बोलक्या कात्रीचं कोपर

तीर्थरूप ताईस, धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (उजवा हात सध्या रजेवर आहे, तेव्हा सात अंगांचाच धरून चाल.) तुझी तब्येत, तुझ्या दुकानातल्या तिन्ही खुर्च्या आणि भावोजींची कंबर ठणठणीत असेल अशी आशा आहे. बाबा गेल्यावर मी आपल्या सलूनच्या पाटीवर त्यांच्या नावापुढे ‘आणि मुलगा’ रंगवून घेतलं. अकरा वर्षं दुसऱ्या खुर्चीमागे उभी राहिलेली तू ते वाचून जी निघून गेलीस, ती नऊ वर्षं इकडे फिरकली नाहीस. मला कोपरापासून नमस्कार केलास तो योग्यच होता. पण त्याविषयी पुढे लिहितो, कारण तूर्तास मुद्दा खऱ्याखुऱ्या कोपराचा आहे.

चार महिन्यांपूर्वी हात सरळ केला की माझं उजवं कोपर ‘कट’ असा आवाज करू लागलं. दुसऱ्या कुठल्या धंद्यात हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. आपल्या धंद्यात मात्र न्हाव्याचं कोपर आणि गिऱ्हाइकाचा कान यांत चार बोटांचं अंतर. निवृत्त मुख्याध्यापक (तेच ते, स्वतःचा टॉवेल घेऊन येणारे) डोळे मिटून बसले होते, तेवढ्यात आवाज झाला आणि त्यांनी दोन्ही हातांनी मान धरली. काही मोडलं का, असं त्यांनी घाबरून विचारलं. मी म्हटलं, तुमचं नाही सर, माझं. ‘मग चालू दे,’ म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले. लोकांच्या मायेचं मी काय वर्णन करू!

पुढे नुसत्या आवाजावर भागेना. कोपराच्या बाहेरच्या हाडाशी कळ यायला लागली. टॉवेल पिळताना कळ, दाराची कडी फिरवताना कळ, चहाचा कप उचलताना तर अशी कळ की तुझी वहिनी मला आठवडाभर बशीतून चहा देत होती. मग सल्लागार जमले. शेजारचा सायकलवाला म्हणाला, सांधा कोरडा पडलाय, आणि त्याने चाकाला लावायचं ग्रीस माझ्या कोपराला चोळलं. (दुखणं गेलं नाही, दोन शर्ट गेले.) समोरचा शिंपी म्हणाला, आवळून बांधा. त्याने अस्तराच्या पट्टीने असं काही आवळलं की बोटं बधिर झाली, आणि त्याच बोटांनी मी बँकेतल्या कॅशियरची मिशी बारीक करायला घेतली. ताई, अर्धी मिशी घेऊन घरी जा असं कोणाला सांगता येत नाही, म्हणून उरलेली अर्धीही काढली. त्याच्या बायकोने दार उघडून कोण पाहिजे म्हणून विचारलं म्हणे. तो अजून आलेला नाही, मिशी आली असेल.

शेवटी तुझी वहिनी मला ओढत फिजिओथेरपीच्या बाईंकडे घेऊन गेली. पोरसवदा बाई, पण डोकं शांत. म्हणाल्या, सांधा नुसता वाजला आणि दुखला नाही तर घाबरायचं कारण नाही, पुष्कळांचा वाजतो. पण दुखतोय, म्हणजे शिरांवर रोज कसला तरी ताण येतोय. हात अडकला, सुजला किंवा बोटांना मुंग्या आल्या तर लगेच या, एरवी बर्फाने शेका, हाताला विश्रांती द्या आणि मनगटाचा व्यायाम करा. मी म्हटलं, ताण कसला, तीस वर्षं हेच तर करतोय! तेव्हा त्या स्वतः दुकानात आल्या आणि पेपर पुढ्यात धरून बाकावर अर्धा तास बसून राहिल्या. मी आपला छाती काढून कटिंग करतोय. उठताना म्हणाल्या, काका, केसांवर कात्री चालली तीनशेदा, आणि हवेत चालली हजारदा.

तुझ्या लक्षात आलंच असेल. कात्री सतत वाजत राहिली की गिऱ्हाइकाला वाटतं काम जोरात चाललंय, म्हणून मी एक केस कापायचा आणि तीनदा हवा कापायची. तुझी कात्री फक्त केसापाशीच वाजायची. मी तुला ‘मुकी’ म्हणून चिडवायचो आणि लोक हसायचे. त्या बाईंना विचारलं, हवेत न चालवणाऱ्याचं कोपर दुखतं का? म्हणाल्या, पुष्कळ कमी. एक गोष्ट मी कधी बोललो नाही, आज लिहितो. बाबा गिऱ्हाइकांसमोर माझं कौतुक करायचे, पण स्वतःचे केस तुझ्याकडूनच कापून घ्यायचे. हे मला तेव्हाही दिसत होतं. पाटी रंगवताना तर फारच दिसत होतं. माझं चुकलं, ताई.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. सहा आठवडे कात्री धरायची नाही असा हुकूम आहे. पंधरा दिवस जरी येऊन दुकान सांभाळलंस तर गिऱ्हाइकं टिकतील. नाही आलीस तरी राग नाही. (थोडा आहे.)

ता. क. दुसरा. पाटीवरचं ‘आणि मुलगा’ मी खरवडून काढलंय. पुढे काय लिहायचं ते तू सांगशील, असं रंगाऱ्याला सांगितलंय.

वन्संना नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी लिहिते. कात्री धरवत नाही म्हणणाऱ्या माणसाने एवढं मोठं पत्र एका बैठकीत उजव्या हाताने लिहिलंय, हे तुम्ही ओळखलं असेलच. यांचं कोपर महिन्यापूर्वीच बरं झालं. दुकान रोज उघडं असतं, गर्दीही असते. फक्त दुसऱ्या खुर्चीवर गिऱ्हाइकाला बसू देत नाहीत आणि सकाळ-संध्याकाळ ती पुसत असतात. मी बघून बघून कंटाळले. या.