उडणारा घरी गेला का?

८ नोव्हेंबर १९९८

कनेरगाव नाका. दुपारचा खेळ. उडणारा माणूस पुन्हा. तीच कॅसेट, तीच खराब झालेली जागा: तो पुलाखाली हात घालतो आणि चित्र थरथरतं. लोकांना वाटतं, पूल जड आहे म्हणून.

ढाब्यामागे पत्र्याचा व्हिडिओ हॉल. टीव्हीशेजारी स्टूल, हातात माईक. पडद्यावरचे इंग्रजीत बोलतात, मी मराठीत सांगतो. एम.ए.चा आजवर झालेला उपयोग एवढाच. सगळे 'सर' म्हणतात. वाशिमच्या कॉलेजातून मुलाखतीचं अजून काही नाही.

एक नियम पाळतो. बोललेलं तेवढं सांगायचं, दिसतं ते सांगायचं नाही. डोळ्यांसमोर आहे त्यावर शब्द खर्च करणं म्हणजे...

हॉलचे मालक यूसुफभाई: "सर, तुम्ही लई कम बोलते. लोगां कैसे बैठेंगे? जरा मीठ-मिरची डालो."

म्हटलं, मीठ-मिरची ढाब्यावर मिळते.

१५ नोव्हें.

आज दुसरी कॅसेट, मुखवटेवाला. डोळ्यांपुरता काळा रुमाल बांधला की त्याला कोणी ओळखत नाही. ना बायको, ना साहेब, पोलीस तर नाहीतच.

मेंढरंवाला मारोती दर रविवारी येतो. मेंढरं बाहेर बाभळीखाली. एक डोळा पडद्यावर, एक दारात. तो ओरडला, "निस्ता रुमाल? आरं, मी तोंडावर पोतं घेतलं तरी माझी मेंढरं वळखतेत मला!"

मागून कोणीतरी: "मेंढरायला अक्कल हाय."

घरी येऊन विचार केला. हे वेशांतर नाहीच. सगळ्या शहराने मिळून ठरवलं आहे, ओळखायचं नाही. एवढी सभ्यता खऱ्या गावात नसते.

तरी सिनेमा वाईट. मुखवटेवाल्याला काही लागत नाही, दुखत नाही. ज्याला मरण नाही त्याच्या लढाईत मी शत्रूच्या बाजूला जातो. निदान त्याला गमवायला काही असतं. शिवाय मारण्याआधी तो लांब भाषण करतो. मला सांगायला वेळ मिळतो, नायकाला दोर सोडायला.

२३ नोव्हें.

ढाब्यावर भाकरी करणाऱ्या कौसामावशी. त्यांची चूल हॉलच्या पत्र्याला लागून. माझं बोलणं त्यांना पलीकडे सगळं ऐकू जातं, हे आजच कळलं. त्यांच्या भाकरीची थापही मला ऐकू येते, पण ती कोणाची, हा प्रश्न कधी पडला नव्हता.

"जय भीम, सर. एक इचारू? तुमी 'थांब' म्हनता. मंग लई येळ गप. मंग एकदम 'वाचलो' म्हनता. मधी काय झालं ते काहून सांगत न्हाई?"

"मधलं दिसतं, मावशी."

"कोनाला?"

माईकची वायर गुंडाळत राहिलो.

२९ नोव्हें.

नियम मोडला. दिसतं तेही सांगितलं. तो गच्चीच्या कडेला आला. खाली बघितलं. अंगावरची लाल झूल वाऱ्यावर उघडली. उडाला.

मारोती: "सर, उडून राहिला ते दिसून राहिलं ना आमाला! आंधळे हाओत का आमी?"

यूसुफभाई खूश. त्यांना वाटलं, मीठ-मिरची.

खेळ सुटल्यावर मावशी: "झूल? पोळ्याच्या बैलावानी?"

"तशीच."

"आन् खाली?"

"घट्ट पँट. तिच्यावरून चड्डी."

त्यांनी पीठ मळता मळता विचार केला. "घाईत निघाला असंल बिचारा. कोनी तरी हाक मारली असंल."

या वेषावर मी बरंच हसलो आहे. एवढं भलं कोणी बोललेलं ऐकलं नाही.

१३ डिसें.

मावशींचा मुलगा गौतम. ट्रकवर क्लीनर म्हणून गेला, दक्षिणेकडच्या गाडीवर. पहिले काही महिने येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरांबरोबर निरोप यायचा. मग थांबला. दोन उन्हाळे झाले. ट्रक थांबला की मावशी पिठाचे हात पुसत जातात आणि विचारतात. ड्रायव्हर नाही म्हणतात. त्या परत येऊन त्याच ड्रायव्हरला गरम भाकरी वाढतात.

डोंगरकडा या गावी त्यांचा भाऊ आहे. घर आहे, शेत आहे. तो म्हणतो, माझ्याकडे राहा, इथे धुरात किती दिवस. मावशी म्हणतात, "समदे ट्रक हितं थांबतेत. डोंगरकड्याला कोन थांबतंय?"

हळद निघाली की भाऊ न्यायला येणार आहे. मावशींनी हो म्हटलं आहे. बाकी सगळ्यांचं मत, हेच बरोबर. माझंही.

१० जानेवारी १९९९

नवी कॅसेट. उडणाराच, पण दुसऱ्या कोणी केलेला. चांगला सिनेमा. तसं लिहायला संकोच वाटतो, म्हणून कारणं देतो.

एक, उडणारा थकतो. दोन, तो एकदा उशिरा पोचतो आणि त्यावर कोणी भाषण करत नाही. तीन, सुरुवातीला शेतातलं घर आहे. दारात आई. तो निघतो, ती म्हणते, "जेवून जा." तो म्हणतो, "आलोच." बस. एवढ्यात सगळं आहे.

चूक एकच. ती आई पुन्हा दिसत नाही.

३१ जाने.

तोच सिनेमा, लोकांनी मागून घेतला. सुटल्यावर मावशी दारात उभ्या.

"मंग घरी कवा गेला?"

"गेला नाही, मावशी. म्हणजे दाखवलं नाही."

"आलोच म्हनला व्हता."

"हो."

"समद्या शहराला वाचवतो. एवढा उडतो. त्याला किती येळ लागतो घरी जायाला?"

या प्रकारच्या सिनेमांवर आजवर केलेल्या माझ्या सगळ्या टीकेत हा मुद्दा नव्हता. इमारती पडतात ते मोजलं, गाड्या उलटतात ते मोजलं. चुलीवरचं कोणी मोजलं नाही. लिहिणाऱ्याला आई पहिल्या दहा मिनिटांत लागते. पुढे तिची अडचण होते.

१४ फेब्रु.

केलं. का ते नीट...

शेवटी तो ढगांतून जातो, वाद्यं वाजतात, कोणी बोलत नाही. एरवी मी इथे माईक खाली ठेवतो. आज ठेवला नाही. म्हणालो: "आता तो घरी चालला आहे. खाली शेत दिसतं. दार उघडं आहे. आई भाकरी थापते आहे. तो उंबऱ्यात उभा राहतो. म्हणतो, आलो."

मारोती उठून उभा राहिला. "सर! दार कुठं हाय? हितं तर निस्ते ढग हायेत!"

हॉल हसला. यूसुफभाई सगळ्यांत जास्त.

पत्र्यापलीकडची थाप थांबली होती. कॅसेट उलटी फिरवून होईपर्यंत थांबली होती.

७ मार्च

भाऊ आला, टेम्पो घेऊन. मावशी म्हणाल्या, येत न्हाई.

तो हॉलमध्ये आला. हाताला हळदीचा रंग. आवाज चढला नाही, तेच वाईट.

"सर, तुमी शिकलेले. काय सांगून ठिवलं बाईला? दोन वर्षं समजूत घालून राहिलो मी. कशीबशी तयार झाली व्हती. आता म्हनती, परतेक जन घरी येतो."

मी म्हणालो, सिनेमाचं होतं ते.

"सिनेमात तरी व्हतं का?"

मावशी मागून आल्या. "दादा, सरायला काहून बोलता? मी काय येडी हाय का? मला ठावं हाय सरायनं पदरचं घातलं. ऐकाया बरं वाटलं. एवढंच."

"मंग चल."

"भीमजयंती व्हऊ द्या. मंग बघू."

टेम्पो रिकामा गेला. रस्त्यावर दिसेनासा होईपर्यंत मी दारात होतो. मग आत येऊन वायरी गुंडाळल्या.

२१ मार्च

दुरुस्ती करायची म्हणून आज शेवट आहे तसा ठेवला. ढग, वाद्यं, गप्प.

कोणी उठेना. मारोतीच म्हणाला, "सर, घरी पाठवा की त्याला. दुपारधरनं उडून राहिला. भूक लागली असंल."

"तूच म्हणालास, दार दिसत नाही."

"न्हाई दिसत. पन गेल्याबिगर आपल्याला उठाया बरं वाटत न्हाई."

पाठवला. मग संध्याकाळच्या खेळाला मुखवटेवाल्यालाही पाठवावं लागलं. त्याच्या घरी कोणी ओळखेल का, यावर वाद झाला. मेंढरं असतील तर ओळखतील, असं ठरलं. पुढल्या खेळाला खलनायकालाही पाठवा, अशी सूचना आली. त्याला आई असेल हे कथाकाराच्या लक्षात आलेलं नाही. मारोतीच्या आलं.

हसलो. पण पत्र्याकडे कान होताच. तिकडून हसणं आलं नाही. थापही नाही.

आता हे मागे घेता येणार नाही. मावशींना माहीत आहे की मी पदरचं घालतो. आणि त्या थांबल्या आहेत.

२५ एप्रिल

जयंती झाली. भावाचा निरोप: पुढच्या रविवारी येतो. या वेळी शेवटचं विचारतो.

यूसुफभाईंनी वाशिमहून नवा माल आणला. तेच सिनेमे, हिंदीत बोलणारे. एक लावून बघितला. उडणाऱ्याचा आवाज लग्नातल्या सूत्रसंचालकासारखा. प्रत्येक वाक्याच्या शेवटी दम. थकलेला माणूसही दमात बोलतो. मुखवटेवाल्याला तोच आवाज, खलनायकालाही. एकच माणूस स्वतःशी भांडतो आहे असं वाटतं.

यूसुफभाई जवळ येऊन बसले. माझ्याकडे बघत नव्हते. "सर, बुरा मत मानो. अब बोलने का काम रहा नहीं. तुम आते रहो. टिकट नहीं लगेगा."

माईक त्यांनीच काढून पेटीत ठेवला. कापडात गुंडाळून. ते आवडलं.

२ मे

कालपासून आमचा जिल्हा हिंगोली. नाक्यावर पेढे वाटले. ट्रक तेवढेच थांबतात.

दुपारी तोच चांगला सिनेमा, हिंदीत. मी बाकावर, मारोतीच्या शेजारी. हातांचं काय करायचं कळेना. मावशींना हिंदी येतं, ड्रायव्हरांमुळे. म्हणजे आज त्यांना मधे कोणी नव्हतं. 'खाना खाके जा' ऐकलं. 'बस, अभी आया' ऐकलं. थाप चालू होती. टेम्पो ढाब्यासमोर उभा, भाऊ त्याच्या सावलीत.

शेवट आला. ढग. वाद्यं. संपलं.

कोणी उठलं नाही. मारोतीने माझ्याकडे बघितलं. "सर, ऱ्हायलं ना."

मी उठलो. पत्र्यापाशी गेलो. माईकची गरज नव्हती, मधे फक्त पत्रा होता. तोंडात वाक्य तयार होतं. दार उघडं आहे.

पलीकडून मावशींचा आवाज आला. "सर, दाखवलं का?"

दारात मेंढरं.

"नाही, मावशी. दाखवलं नाही."

"बरं."

मग चुलीतलं लाकूड ओढल्याचा आवाज. मग पाणी ओतल्याचा.

बाहेर आलो तेव्हा त्यांचं बोचकं टेम्पोत होतं. लुगड्याचं, वर परात पालथी बांधलेली. भाऊ पुढे बसला होता. त्याने मला बघून मान हलवली; राग नव्हता. मावशी चढायला आल्या, दांडी धरली.

वाशिमकडून एक ट्रक वळला. दक्षिणेकडची पाटी. ढाब्यावर लागला.

मावशींनी दांडी सोडली. "दादा, एवढा इचारून येते."

"बाई..."

"एवढा."

हात पिठाचे नव्हते, तरी पदराला पुसत गेल्या.

हे हॉलच्या पायरीवर बसून लिहितो आहे. ट्रकच्या पलीकडच्या बाजूला त्या बोलत आहेत, त्यांचे पाय तेवढे दिसतात. टेम्पोचं इंजिन चालू आहे. परात हलते आहे.