कोठीच्या खोलीचे काय करावे

मी, संभाजी गेनबा खलाटे, वय शहात्तर, मूळ गाव सांगवी, सध्या राहणार बारामती, साखर कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कुणी दमदाटी केलेली नाही, कुणी लाडीगोडीही लावलेली नाही. बुद्धी स्थिर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला वार विचारला, पंतप्रधान विचारले, शंभरातून सात वजा करायला लावले. कोठीच्या खोलीबद्दल विचारले असते तर दाखला मिळाला नसता.

वकील म्हणाले होते, सगळं एका पानात बसेल. बसलं नाही. त्यांनी माफ करावं.

कलम १. सांगवीची जमीन आणि बँकेतली ठेव मुलगा ऋषिराज आणि मुलगी संजीवनी या दोघांना निम्मी निम्मी द्यावी. यात माझा काही गोंधळ नाही. माझी पत्नी शकुबाई सहा वर्षांपूर्वी वारली. तिने तिचे दागिने हयातीतच वाटून टाकले होते आणि मोकळी झाली होती. ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी तिला कधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितो.

कलम २. बारामतीचे राहते घर मी नोकरीत असताना, सत्तावीस वर्षांपूर्वी, स्वकष्टाने बांधले. त्यात हॉल, स्वयंपाकघर, एक बेडरूम आणि स्वयंपाकघराला लागून कोठीची खोली आहे. घर ऋषिराजला द्यावे. कोठीच्या खोलीचे मात्र काय करावे, इथेच माझं घोडं अडलं आहे.

प्रकार असा आहे. सूनबाई श्रेया हिला कोठीची पॅन्ट्री करायची आहे. म्हणजे तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या, खाली ओढायचे कप्पे, दार उघडलं की आपोआप लागणारा दिवा. माणसाने आत चालत जायचं, हवं ते घ्यायचं, बाहेर यायचं. आणि त्याच खोलीत गेली अकरा वर्षे माझी संजीवनी झोपते. तिच्या नवऱ्याने इंदापुरात दुसरं बिऱ्हाड केलं तेव्हा ती एक बॅग घेऊन आली. चार दिवस राहील म्हणून शकुबाईने धान्याची पिंपं भिंतीला सारून तिथे खाट टाकली. ते चार दिवस अजून चालू आहेत. संजीवनी एका दवाखान्यात केसपेपर काढायला जाते, पगारातून घरात किराणा भरते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ऋषिराज म्हणतो, ताईला गच्चीवर पत्र्याची खोली बांधून देतो. पोरगा वाईट नाही. पण बारामतीच्या एप्रिलमध्ये पत्र्याखाली तो स्वतः एक दुपार झोपून दाखवेल का, हे मी त्याला विचारलेलं नाही.

म्हणजे प्रश्न एवढाच की घरात पॅन्ट्री असण्यात अर्थ आहे का. नसेल तर संजीवनी आहे तिथे राहील. असेल तर ती वर जाईल. मी एकतीस वर्षे स्टोअर सांभाळलं आहे, माल कुठे ठेवावा हे मला कळतं, तेव्हा हा निकाल मीच द्यावा असं मला वाटलं.

कलम ३. पॅन्ट्री असण्यात काही अर्थ नाही.

कारणे लिहितो. आपल्याकडे वर्षाचं धान्य उन्हाळ्यात भरायची पद्धत होती. शकुबाई लोणी भापकरच्या छबूबाईकडून ज्वारी घ्यायची, गहू उन्हात घालायची, तूरडाळीला एरंडेल चोळायची, पिंपात कडुलिंबाचा पाला घालायची. त्याला कोठी लागायची. आता भाकरी मी एकटा खातो. श्रेया गव्हाचं पीठ पिशवीतून आणते. माल नाही तर गोदाम कशाला? शिवाय खोल जागेत मागचं दिसत नाही. मागच्या दिवाळीत साबुदाणा संपला म्हणून दोनदा आणला आणि नंतर पिंपामागे तिसरा सापडला, तो चालायला लागला होता. स्टोअरमध्ये असं झालं असतं तर मला मेमो मिळाला असता.

कलम ४. कलम ३ रद्द समजावे.

ते लिहून झाल्यावर श्रेया मला तिची मैत्रीण अनिता हिच्या नव्या घरी इंदापूरला घेऊन गेली. म्हणाली, आबा, आधी बघा तर खरं. मी नाक मुरडायच्या तयारीनेच गेलो होतो. अनिताने दार उघडलं, दिवा लागला, मी आत गेलो. खरं सांगायचं तर मला बाहेर येववेना. प्रत्येक बरणी एका हाताच्या अंतरावर. जुना माल पुढे, नवा मागे. मिक्सर, कुकर, सणासुदीची पातेली, सगळं आपापल्या जागी, ओट्यावर काही म्हणजे काही नाही. आमच्या स्वयंपाकघरात श्रेया पोळ्या लाटते तेव्हा पोळपाटाशेजारी मिक्सर, मिक्सरवर ताट आणि ताटात लसूण असतो, आणि त्या सगळ्यातून ती रोज वेळेवर डबा करून देते. एकतीस वर्षे मी स्टोअर लावलं पण घरातल्या बाईला नीट लावलेली जागा दिली नाही, याची मला अनिताच्या पॅन्ट्रीत लाज वाटली. श्रेयाचं म्हणणं खोटं नाही. सबब, पॅन्ट्री असण्यात अर्थ आहे.

त्या पॅन्ट्रीत बिस्किटं, ओट्स आणि माणशी दोन किलो तांदूळ एवढाच माल होता, हेही नोंदवून ठेवतो. आता याचा अर्थ काय लावायचा, मला कळत नाही.

कलम ५. कलम ४ पूर्ण रद्द करत नाही, पण कलम ३ मधली कारणेही खरी आहेत. वाचणाऱ्याने दोन्ही एकत्र वाचून काही अर्थ निघत असेल तर काढावा. मला निघत नाही. एक दिवस मी टेप घेऊन कोठी मोजायला गेलो, खोली रुंदीला सहा आणि लांबीला आठ फूट भरली, आणि कशासाठी मोजतोय तेच विसरलो. तसाच पिंपावर बसून राहिलो. संजीवनीच्या साड्या रिकाम्या पिंपात असतात, त्यांना लिंबाच्या पाल्याचा वास येतो.

कलम ६. माझे चुलतभाऊ बापूसाहेब यांना माझा पोलादी टेप द्यावा. तो पन्नास फुटी आहे आणि अजून एका सुतानेही चुकत नाही. देण्याचे कारण त्यांना वाचून दाखवावे. घराचा नकाशा काढताना कोठी सहा बाय दहा होती. बापूसाहेब चार माणसांत हसले, म्हणाले, संभाजी वाण्याचं दुकान काढतोय वाटतं. मी वरमलो आणि दोन फूट कमी केले. त्या दोन फुटांपायी संजीवनीची खाट कोपऱ्यात पुरी बसत नाही, पाय पिंपाला लागतात. दोष माझा आहे, मी ऐकायला नको होतं. पण राग बापूसाहेबांवर आहे, आणि तो मी माफ करत नाही.

कलम ७. वजनाचा मोठा काटा आणि मापे ज्या कुणाला वापरायची असतील त्याला द्यावीत. शोभेला हॉलमध्ये मांडू नयेत. स्टोअरच्या किल्ल्यांचा रिकामा जुडगा माझ्याबरोबर जाळू नये, लोखंड आहे, जळणार नाही.

इथपर्यंत लिहून मी कागद मुबीनकडे नेला. मुबीन शेख यांचं हार्डवेअरचं दुकान आमच्या रस्त्याला आहे. चाळीस वर्षांची मैत्री, म्हणून साक्षीदाराची सही त्यांची घ्यायची ठरवली होती. साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते, वकिलांनी सांगितलं होतं. मुबीनने चष्मा लावून सगळा वाचला. मग पेन मला परत दिलं.

ते म्हणाले, "संभाजीराव, सुनेला इचारलंत, पोराला इचारलंत, इंदापूरला जाऊन आलात. त्या खोलीत जी झोपते तिला इचारलं का?"

मी म्हणालो, तिचं काय, ती कशालाच नाही म्हणत नाही. मुबीन म्हणाले, मग आमी सही करत न्हाय. त्यांनी गिऱ्हाईकाकडे तोंड फिरवलं. मला राग आला. घरी येईपर्यंत तो राग कुणावर आहे ते कळेनासं झालं.

कलम ८. रविवारी संजीवनीला सुट्टी असते. ती खाटेवर बसून ब्लाऊजला हूक लावत होती. मी गूळ घ्यायच्या निमित्ताने आत गेलो. अकरा वर्षे आम्ही सगळे असेच आत जातो, कुणी डाळीला, कुणी लसणाला, आणि ती उठून वाट देते. तशी ती उठली. मी बस म्हणालो, पिंपावर बसलो आणि पॅन्ट्रीचं सगळं सांगितलं. फळ्या, दिवा, पत्र्याची खोली, माझी दोन्ही बाजूंची कारणे. तिने खाली मान घालून ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "आबा, पॅन्ट्री करा न्हायतर करू नका. या दाराला कडी बाहेरनं हाय. आतनं न्हाय."

मला आधी समजलंच नाही. मी दाराकडे बघितलं. खरंच आतून कडी नव्हती. कडी मीच बसवून घेतली होती, घर बांधताना, फक्त बाहेरून. मांजर शिरू नये म्हणून.

"मग इतकी वर्सं सांगायचं न्हाय का?" मी विचारलं.

"कोठीला आतनं कडी कोण लावतं, आबा?"

एवढंच बोलून ती हूक लावायला लागली. मग मीच आठवत बसलो. आमच्या घरात येता-जाता कोठीची कडी सरकवायची सवय प्रत्येकाच्या हाताला आहे. पाच वर्षांपूर्वी एका रविवारी लोणी भापकरला लग्न होतं. निघताना मी दार ओढलं आणि कडी सरकवली. संजीवनी आत झोपली होती. आम्ही संध्याकाळी दिवेलागणीला परत आलो. ती आत खाटेवर बसून होती, फोन बाहेर चार्जिंगला, घोटभर पाणी नाही. मी हसलो होतो. म्हणालो होतो, हाक मारायची की गं. रिकाम्या घरात तिने कुणाला हाक मारायची होती? हे मला पाच वर्षांनी, पिंपावर बसल्यावर सुचलं. मी चुकलो. इतकं मोठं चुकलो की ते कुठल्या कलमात बसवावं हेही समजत नाही, म्हणून इथेच लिहितो. त्या खोलीत मी पोरीला पोर म्हणून नाही, माल म्हणून ठेवलं होतं.

कलम ९. सबब असे लिहून ठेवतो की घर ऋषिराजचे झाले तरी कोठीच्या खोलीत राहण्याचा हक्क संजीवनीला तिच्या हयातभर राहील. ती तिथे राहो, कुलूप लावून परगावी जावो, उद्या दुसरीकडे बिऱ्हाड करो आणि खोली रिकामी ठेवो, तिला कारण विचारू नये. त्या खोलीला यापुढे कोठी म्हणू नये. धान्य, पिंपं, बरण्या, गूळ, सगळं बाहेर काढावं. श्रेयाला पॅन्ट्री हवी, आणि ती तिला मिळायलाच हवी. जिन्याखाली पावणेपाच फूट उंचीची जागा आहे, मी मोजली आहे. फळ्यांचा खर्च माझ्या ठेवीतून करावा. उभं राहून आत चालत जाता येणार नाही, वाकावं लागेल. त्याबद्दल सूनबाईंची माफी मागतो.

कलम १०. मृत्युपत्राचा अंमल माणूस मेल्यावर होतो, असं वकील म्हणाले. कडीला तेवढं थांबायला सांगणं मला पटलं नाही. म्हणून काल सोमवारी, संजीवनी कामावर असताना, मुबीन स्वतः ड्रिल मशीन घेऊन आले. बाहेरची कडी काढली, आतून नवी बसवली. ऋषिराजने आणि मी पिंपं जिन्याखाली नेली. शेवटचं पिंप उचलताना त्याने मला बाजूला केलं आणि एकट्याने नेलं. लसणाची जुडी तेवढी खुंटीवर राहिली.

संजीवनी साडेपाचला आली. तिने दार बघितलं, आत गेली. कडी लागल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. थोड्या वेळाने श्रेया लसूण घ्यायला सवयीने दारापर्यंत गेली, थांबली, माझ्याकडे बघितलं आणि दारावर बोटाने वाजवलं.

आतून आवाज आला, "थांब जरा."

आम्ही दोघं थांबलो. फोडणीचं तेल तापलं होतं, श्रेयाने गॅस बंद केला. आत संजीवनी काय करत होती मला माहीत नाही.

घरात पॅन्ट्री असावी की नसावी, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. बाकी वर लिहिलेलं सगळं मी शुद्धीत, वाचून, समजून लिहिलं आहे आणि ते खरं आहे. मुबीन यांनी या खेपेला न वाचता सही केली.

ठिकाण: बारामती
दिनांक: मंगळवार, २५ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार: संभाजी गेनबा खलाटे (सही)

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
१. मुबीन बादशाह शेख, हार्डवेअर दुकानदार, बारामती (सही)
२. ठमाबाई विठोबा गावडे, शेजारी (डाव्या हाताचा अंगठा)